बडोदे संस्थानच्या चाकरीतील दोघे आणि दुभंगलेल्या राष्ट्राचा प्रश्न

दुभंगलेले राष्ट्र पुन्हा एक व्हावे असे एखादे सरकार जाहीर करते, तेव्हा जे आज दोन आहे ते मुळात एक होते आणि कोणत्या तरी अर्थाने अजूनही एकच आहे, हे त्या घोषणेत गृहीत धरलेले असते. राजनय, म्हणजे राज्याराज्यांतील वाटाघाटींची विद्या, या गृहीतकाच्या खोलात जात नाही, कारण तिचा व्यवहार सीमारेषा, करारनामे, शिष्टमंडळे आणि मुदती यांच्याशी असतो. परंतु जर्मनीत १९९० साली जे साधले आणि कोरियात पाऊणशे वर्षांत जे साधले नाही, त्यांतील अंतर केवळ वाटाघाटी करणाऱ्यांच्या कसबाने उलगडत नाही. तुटले ते नेमके काय, हे आधी ठरवावे लागते आणि ते ठरवणे हे तत्त्वज्ञानाचे काम आहे. भारतापुरते पाहिले तर या प्रश्नाची दोन सर्वांत सखोल आणि परस्परांना छेद देणारी उत्तरे ज्या दोन विचारवंतांनी दिली, ते दोघेही काही काळ बडोदे संस्थानच्या चाकरीत होते. अरविंद घोष तेथे १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे होते, तर भीमराव रामजी आंबेडकर १९१७ साली जेमतेम काही दिवस.

हा योगायोग म्हणावा तितका आंधळा नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) वडोदरा हे माणसे पारखून आणण्याचे ठिकाण झाले होते. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, दिवाणगिरीवर कधी तंजावरकडील मराठी घराण्यातले टी. माधवराव तर कधी बंगालचे रमेशचंद्र दत्त, असा तो कारभार होता. संस्थानचा मुलूखही सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांच्या आणि इतर संस्थानांच्या मधोमध विखुरलेले होते, आणि एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना परक्याची हद्द ओलांडावी लागे. नकाशावर तुटक दिसणारे राज्य व्यवहारात एक म्हणून चालू शकते, याचा रोजचा अनुभव असलेल्या या संस्थानात राष्ट्राच्या ऐक्याविषयी विचार करणारी माणसे तयार व्हावीत, यात म्हणूनच काही वावगे नाही.

अरविंद घोष इंग्लंडात चौदा वर्षे काढून विशीत वडोदऱ्याला आले, तेव्हा त्यांना मातृभाषाही धड येत नव्हती. संस्कृत, मराठी आणि गुजराती ते येथे शिकले, बडोदे कॉलेजात त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले, आणि केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहाने मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर झोड उठवणारी लेखमाला लिहिली. १९०८ च्या जानेवारीत, सुरतेच्या काँग्रेसमधील फुटीनंतर, याच शहरात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सांगण्यावरून त्यांनी तीन दिवस एकांतात ध्यान केले आणि तो त्यांच्या साधनेतील पहिला निर्णायक अनुभव ठरला. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्याआधीचे, १९०५ मधील ‘भवानी मंदिर’ हे पत्रक अधिक महत्त्वाचे आहे. राष्ट्र म्हणजे भूमीचा तुकडा किंवा बोलण्यापुरते योजलेले रूपक नसून त्यातील कोट्यवधी माणसांच्या शक्तींची मिळून बनलेली एक जिवंत शक्ती आहे, असा त्या पत्रकाचा आशय आहे. तेथे शक्ती हा शब्द शाक्त संप्रदायाच्या पारिभाषिक अर्थाने येतो, म्हणजे जगाच्या मुळाशी असलेले आणि व्यक्तिरूप धारण करू शकणारे चैतन्याचे सामर्थ्य असा त्याचा अर्थ आहे.

या मांडणीचा आधार देवीमाहात्म्यात, म्हणजे महाराष्ट्रातही नवरात्रात घरोघर ज्याचा पाठ होतो त्या सप्तशतीत आहे. महिषासुराने देवांना स्वर्गातून हुसकून लावले तेव्हा प्रत्येक देवाच्या अंगातून तेज बाहेर पडले, शंकराच्या तेजाचे मुख झाले, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे बाहू, आणि त्या सर्व तेजांची मिळून देवी उभी राहिली. मात्र तोच ग्रंथ पहिल्या अध्यायात सांगतो की देवी नित्य आहे आणि देवांच्या कार्यासाठी ती प्रकट होते तेव्हा लोक तिला उत्पन्न झाली असे म्हणतात. राष्ट्राच्या ऐक्यासंबंधीचा सगळा पेच या दोन विधानांच्या मध्ये बसलेला आहे. देवी जर नित्य असेल, तर देवांनी तेज दिले नाही तरी ती आहेच, आणि फाळणी ही केवळ तिच्या प्रकट होण्यातील आडकाठी ठरते. पण ती जर अंशांच्या दानातूनच घडत असेल, तर एखाद्या देवाने आपले तेज आखडते घेतले की ती तितकी अपुरी राहणार, आणि त्या देवाला तेज द्यायला भाग पाडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

शांकर वेदान्तात या भेदासाठी एक काटेकोर चौकट मिळते. कर्माने साध्य होणाऱ्या गोष्टी चार प्रकारच्या असतात असे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांगतात. उत्पाद्य म्हणजे जी नव्याने निर्माण करायची, आप्य म्हणजे दूर आहे म्हणून जिच्यापर्यंत पोहोचायचे, विकार्य म्हणजे दुसऱ्या एखाद्या वस्तूचे रूपांतर होऊन जी होते, आणि संस्कार्य म्हणजे जिच्यावरचा मळ काढायचा किंवा जिच्यात गुण भरायचा. मोक्ष यांपैकी कशातच मोडत नाही, कारण तो नेहमीच सिद्ध असतो आणि त्याच्याविषयीचे अज्ञान तेवढे दूर व्हायचे असते. दुभंगलेल्या राष्ट्राचे ऐक्य या चौकटीत कोठे बसते, असा प्रश्न विचारला की पुनरेकीकरणाच्या निरनिराळ्या धोरणांचे स्वरूप उघडे पडते. ऐक्य मोक्षासारखे नित्यसिद्ध मानणारे सरकार समोरच्या राज्याला भ्रम समजते, त्याला मान्यता नाकारते आणि कालांतराने तो भ्रम विरेल अशी वाट पाहते. उलट ऐक्य उत्पाद्य मानणाऱ्या सरकारला आधी त्याची सामग्री गोळा करावी लागते.

अरविंदांचे मत पहिल्या बाजूला झुकते, तरी तिथे विरघळून जात नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. ते मायावादाचे टीकाकार होते आणि जगातील भेद त्यांच्या लेखी मिथ्या नव्हते. ‘आर्य’ या नियतकालिकात १९१५ ते १९१८ या काळात क्रमशः आलेल्या मानवी ऐक्याविषयीच्या ग्रंथात त्यांनी राजकीय एकक आणि मानसिक एकक यांत फरक केला. साम्राज्य हे सैन्याने आणि कारभाराने जखडलेले राजकीय एकक असते आणि ती जखडण सुटली की ते विखुरते, तर राष्ट्र हे अंतरंगातून एक झालेले एकक असल्यामुळे बाहेरून तोडले तरी पुन्हा सांधले जाण्याची ओढ त्यात टिकून राहते, असा त्यांचा सिद्धान्त होता. इटली आणि जर्मनी ही त्याची त्या काळातील ताजी उदाहरणे होती. या सिद्धान्ताची कसोटी घ्यायला मात्र इटलीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, कारण खुद्द बंगालने ती दिली होती.

लॉर्ड कर्झनच्या सरकारने १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आणली आणि तिच्याविरुद्ध उसळलेल्या आंदोलनाने अरविंदांना वडोदऱ्यातून कलकत्त्याला खेचून नेले. सहा वर्षांनी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने ती फाळणी रद्द झाल्याचे आणि राजधानी दिल्लीला हलवल्याचे जाहीर केले. याच दरबारात निजामानंतर मुजऱ्याला गेलेले सयाजीराव अलंकारांचा डामडौल टाळून साध्या पोशाखात आले, एकदाच वाकले आणि बादशहाकडे पाठ करून परतले, असा गहजब इंग्रजी वृत्तपत्रांनी केला, आणि संस्थानिकाच्या त्या पाठीविषयी इतके लिहिले गेले की एका दुभंगलेल्या प्रांताला सरकारने पुन्हा जोडले ही त्या दिवसाची खरी मोठी घटना महाराष्ट्रातील वाचकाच्या आठवणीत मागेच राहिली. पुनरेकीकरणाचे हे शुद्ध सरकारी उदाहरण होते. व्हाइसरॉय हार्डिंजच्या सरकारने गुप्त खलित्यातून योजना आखली, बिहार आणि ओरिसा वेगळे काढले, आसाम निराळा केला आणि बंगाली बोलणारा मुलूख एका गव्हर्नराखाली आणला. ज्यांनी आंदोलन केले त्यांना हा विजय वाटला. पूर्व बंगालातील मुसलमान पुढाऱ्यांना, ज्यांना डाक्क्याच्या राजधानीत नोकऱ्या, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांची दारे उघडलेली दिसू लागली होती, तो विश्वासघात वाटला. नवाब सलीमुल्ला यांच्या डाक्क्यातच १९०६ साली मुस्लिम लीग स्थापन झाली होती. फाळणी करताना ज्याप्रमाणे कोणाला विचारले नव्हते, त्याचप्रमाणे ती मोडतानाही विचारले नव्हते.

पुढचा अध्याय अधिक कडू आहे. २० जून १९४७ रोजी बंगालच्या विधिमंडळातील बिगर-मुस्लिमबहुल भागांच्या सदस्यांनी ५८ विरुद्ध २१ मतांनी बंगालची फाळणी मागितली, आणि सुऱ्हावर्दी, शरदचंद्र बोस व अबुल हाशिम यांची स्वतंत्र अखंड बंगालची योजना बारगळली. ज्या वर्गाने १९०५ मध्ये ऐक्यासाठी तुरुंग पत्करला, त्याच वर्गाचे वारस आता रेघ ओढायला सांगत होते. अंतरंगातून एक असलेले एकक पुन्हा सांधले जाते, हा सिद्धान्त खरा मानला तर बंगाल अंतरंगातून कधीच एक नव्हता असे म्हणावे लागते. तो एक होता असे मानले तर सिद्धान्तच अपुरा ठरतो. अरविंदांच्या विचारातील ही जागा पोकळ आहे, आणि ती भरून काढणारा विचार बडोद्याच्या दुसऱ्या नोकराकडे आहे.

आंबेडकरांचा बडोद्याशी संबंध कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांच्यामार्फत जुळला. त्यांनीच बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले आपले बुद्धचरित्र मॅट्रिक झालेल्या भीमरावांना भेट दिले होते आणि पुढे त्यांच्यासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला होता. १९१३ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता, आणि त्या कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते वडोदऱ्याला रुजू झाले. शहरातल्या कोणत्याही हिंदू खाणावळीत त्यांना जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. आश्रय मागितल्यावर एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने घरच्यांच्या अडचणी सांगितल्या, आणि सार्वजनिक बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो सामाजिक अन्यायाची कथा म्हणून सर्वांना ठाऊक असला, तरी राष्ट्रविषयक तत्त्वज्ञानाचा पुरावा म्हणून त्याचा विचार फारसा होत नाही. कोट्यवधींच्या शक्तींतून घडणाऱ्या भवानीचे पत्रक ज्या शहरात बारा वर्षांपूर्वी लिहिले गेले, त्याच शहरात त्या कोट्यवधींतील एकाचे तेज उंबऱ्याच्या आत घ्यायला तीन धर्मांची माणसे तयार नव्हती. येथे कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती आणि तरीही फाळणी पुरी झालेली होती.

त्यामुळे १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ लिहिताना आंबेडकरांनी भारताचे ऐक्य हे सिद्ध मानले नाही, याचे नवल वाटू नये. वंश, भाषा आणि भूमी समान असल्यामुळे हिंदू आणि मुसलमान एक राष्ट्र आहेत, हा युक्तिवाद त्यांनी अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताच्या १८८२ च्या व्याख्यानाचा आधार घेऊन खोडून काढला. रेनाँच्या मते राष्ट्राला समान पराक्रमाची स्मृती लागते आणि पुढे एकत्र राहण्याची इच्छा लागते, शिवाय परस्परांना दिलेल्या जखमा विसरण्याची तयारी लागते. आंबेडकरांचे म्हणणे असे की या दोन समाजांच्या ऐतिहासिक स्मृती परस्परविरोधी आहेत आणि विसरण्याची तयारी कोणाचीच नाही. एका सरकारखाली असणे म्हणजे ऐक्य असे ज्यांना वाटत होते, त्यांना त्यांनी ब्रह्मदेशाची आठवण करून दिली. १९३७ साली ब्रह्मदेश भारतापासून वेगळा करण्यात आला तेव्हा कोणीही शोक केला नाही, कारण तेथे प्रशासन एक होते आणि मने एक नव्हती. राष्ट्रत्व ही भावना असून ती परिस्थितीने घडते किंवा घडत नाही, ही त्यांची भूमिका पुढे त्यांनी स्वीकारलेल्या बौद्ध दर्शनातील प्रतीत्यसमुत्पादाशी, म्हणजे प्रत्येक वस्तू काही कारणसामग्रीच्या आधाराने उद्भवते आणि ती सामग्री हटली की मावळते या सिद्धान्ताशी, चांगली जुळते. स्वतः आंबेडकरांनी १९४० मध्ये अशी सांगड घातलेली नाही. परंतु तिच्यामुळे त्यांच्या भूमिकेचा एक दुर्लक्षित पैलू स्पष्ट होतो. जे कारणांनी मावळते ते कारणांनी पुन्हा उद्भवूही शकते, आणि म्हणून फाळणी मान्य करणे म्हणजे ऐक्य कायमचे नाकारणे असा अर्थ होत नाही.

ग्रंथाच्या वाढीव आवृत्तीत त्यांनी एका कायद्याचा मसुदाच जोडला आहे. वेगळे होण्याचा निर्णय तेथील रहिवाशांच्या कौलाने व्हावा आणि दोन्ही भागांच्या सामायिक विषयांसाठी एक मंडळ असावे, म्हणजे पुढे एकत्र यायचे झाल्यास वाट बुजलेली नसेल, अशी त्याची रचना आहे. आयर्लंडच्या फाळणीविषयीच्या १९२० च्या ब्रिटिश कायद्यातील तरतुदींवर ती बेतलेली होती. आयर्लंडमधले ते मंडळ प्रत्यक्षात कधी कामाला लागलेच नाही, त्यामुळे ही तरतूद भाबडी होती असे म्हणता येईल. तरीही फाळणीचा पुरस्कर्ता म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्याने पुनरेकीकरणाची कायदेशीर यंत्रणा आधीच लिहून ठेवावी आणि १९४७ च्या घाईत ती एकाही सत्ताधाऱ्याला सुचू नये, ही गोष्ट लहान नाही.

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना आंबेडकरांनी हीच वृत्ती ठेवली. मुस्लिम लीग बहिष्कार टाकून बाहेर बसली होती, आणि ती येईपर्यंत ठराव लांबणीवर टाकावा अशी दुरुस्ती मुकुंदराव जयकर यांनी सुचवली होती. तिच्याविषयी काँग्रेस सदस्यांत चीड असताना आंबेडकरांनी तिची बाजू घेतली. आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या विभागलेलो आहोत हे मान्य करून, काळ आणि परिस्थिती यांच्या ओघात हा देश एक होण्यापासून कोणी रोखू शकणार नाही, लीगलाही एक दिवस अखंड भारत आपल्या हिताचा वाटेल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. सहा वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील निष्ठुर विश्लेषण ज्यांनी वाचले होते त्यांना हा आशावाद अनपेक्षित वाटला असेल, पण कारणे बदलली की भावना बदलते हे ज्याला मान्य आहे त्याच्या दृष्टीने त्यात विसंगती नाही.

याच काळात अरविंद उलट दिशेने त्याच ठिकाणाकडे सरकत होते. १९४२ च्या मार्चअखेर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी ब्रिटिश मंत्रिमंडळाची योजना आणली, तेव्हा पाँडिचेरीत तीन दशकांहून अधिक काळ राजकारणापासून अलिप्त राहिलेल्या अरविंदांनी तिला जाहीर पाठिंब्याचा संदेश पाठवला, राजगोपालाचारी आणि नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांना तारा केल्या, आणि एका विश्वासू शिष्याला दिल्लीला धाडले. ज्या प्रांताला नको असेल त्याला भारतीय संघाबाहेर राहता येईल, अशी तरतूद त्या योजनेत होती. अखंडत्वाचा सर्वांत तेजस्वी प्रवक्ता बाहेर पडण्याचे दार असलेल्या योजनेला होकार देत होता, तर तिला नकार देणारे अनेक व्यवहारी पुढारी पाच वर्षांनी त्याहून वाईट फाळणीवर सही करणार होते. १५ ऑगस्ट १९४७ साठी तिरुचिरापल्लीच्या आकाशवाणीला दिलेल्या निवेदनात अरविंदांनी मिळालेले स्वातंत्र्य भग्न असल्याचे सांगितले आणि फाळणी कायमची म्हणून स्वीकारू नये असे बजावले, परंतु ती जाण्याचा मार्ग म्हणून त्यांनी तणाव निवळणे, परस्पर समज वाढणे आणि एकत्र काम करण्याची गरज पटणे या गोष्टींचा उल्लेख केला, आणि ऐक्याचे बाह्य रूप कोणते असावे हा मुद्दा त्यांनी सोयीचा मानला, तत्त्वाचा मानला नाही. सैन्याची भाषा त्यात नाही. त्यांच्या अनुयायांपैकी जे लोक या निवेदनातला पहिला भाग फलकावर लिहितात आणि दुसरा गाळतात, ते त्यांच्या विचाराचा अर्धाच भाग पुढे नेतात.

येथे बडोदे संस्थानच्या स्वतःच्या विलीनीकरणाकडे क्षणभर वळणे योग्य होईल, कारण राजनयाने घडवलेल्या ऐक्याचा तोही एक नमुना आहे. संविधान सभेत प्रतिनिधी पाठवण्यात बडोदे इतर संस्थानांच्या पुढे होते. पण जुनागढचा पेच चालू असताना प्रतापसिंहराव गायकवाड यांनी वल्लभभाई पटेलांकडे गुजरात आणि काठियावाड यांवरील आधिपत्य मागितले, असे व्ही. पी. मेनन यांनी नमूद केले आहे. ती मागणी मान्य होणे शक्यच नव्हते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि बरोबर अकरा वर्षांनी मुंबई राज्याची वाटणी होऊन वडोदरा गुजरातेत गेले. विलीनीकरणाच्या कागदावर सही राजाची होती. प्रजेचे मन प्रजामंडळाच्या चळवळीत आणि १९४८ मध्ये जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळात आधीच दिसून आले होते म्हणून ती सही टिकली. आणि १९६० च्या वाटणीचे म्हणाल तर, वडोदऱ्यातील मराठी समाजाने, ज्याच्या गावात १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने भरली होती, आपले शहर महाराष्ट्राला जोडा अशी मागणी केली नाही. भाषा, नाटक, गणपती आणि सोयरीक सीमेपलीकडे चालू राहिली आणि राज्य बदलले. अरविंद ज्याला मानसिक एकक म्हणतात ते राजकीय सीमेला आव्हान न देता जगू शकते, याचा हा साधा आणि न गाजलेला पुरावा आहे.

स्वतंत्र भारताच्या सरकारांनी फाळणीविषयी घेतलेले राजनयिक धोरण पाहू लागले, की भाषणे आणि कृती यांतील अंतर जाणवते, आणि बहुधा कृतीच अधिक शहाणी दिसते. १९४७ च्या जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने फाळणीची ३ जूनची योजना स्वीकारताना द्विराष्ट्रवाद पुढे लोक टाकून देतील अशी आशा ठरावात घातली. ते ऐक्य नित्यसिद्ध मानणाऱ्या भूमिकेचे भाषेपुरते उरलेले अवशेष होते. प्रत्यक्ष धोरणाची कसोटी १९७१ मध्ये लागली. १६ डिसेंबरला डाक्क्यात पाकिस्तानी फौज शरण आली तेव्हा पूर्व बंगाल भारतीय सैन्याच्या हाती होता, द्विराष्ट्रवाद त्याच्या जन्मभूमीतच पराभूत झाला होता, आणि तरीही इंदिरा गांधींच्या सरकारने पुनरेकीकरणाचा शब्दही काढला नाही. स्वतंत्र बांगलादेशाला मान्यता त्याआधीच, ६ डिसेंबरला, दिलेली होती आणि १९७२ च्या मार्चमध्ये सैन्य परत आले. ज्याला ऐक्याचा भक्त म्हणवून घ्यायचे आहे त्याने त्या माघारीला भेकडपणा म्हणण्यापूर्वी सप्तशतीतील दानाचा विचार करावा, कारण पूर्व बंगालातील लोकांनी आपले तेज ज्या राष्ट्राला दिले होते ते त्यांचे स्वतःचे राष्ट्र होते.

पाकिस्तानच्या बाबतीत १९९९ च्या फेब्रुवारीत अटलबिहारी वाजपेयी लाहोरमध्ये मीनार-ए-पाकिस्तानवर गेले. मुस्लिम लीगचा १९४० चा पाकिस्तानविषयक ठराव जेथे झाला त्या जागी, अखंड भारताचे ध्येय मानणाऱ्या परंपरेतील पंतप्रधानाने पाकिस्तानचे अस्तित्व मान्य असल्याचे सांगणे हे त्यांच्याच परंपरेत न पचणारे होते. काही महिन्यांत कारगिलचे युद्ध झाल्यामुळे त्या भेटीकडे फसलेला प्रयत्न म्हणूनच पाहिले जाते. तरी तत्त्वतः ती योग्य दिशा होती. जर्मनीचा इतिहास तेच सांगतो. विली ब्रांट यांच्या सरकारने १९६९ पासून एका राष्ट्रातील दोन राज्ये असे सूत्र धरून पूर्व जर्मनीशी व्यवहार सुरू केला, १९७२ मध्ये मूलभूत करार केला आणि त्यासाठी देशद्रोहाचे आरोप सोसले. १९९० मध्ये पूर्वेकडील लोकांनी खुल्या निवडणुकीत विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला, तेव्हाही ओडर-नाइसे रेषेच्या पलीकडील जुन्या जर्मन मुलुखावरचा हक्क कायमचा सोडल्यावरच शेजाऱ्यांनी त्या ऐक्याला संमती दिली. आयर्लंडने १९९८ च्या करारानंतर उत्तरेवरचा घटनात्मक दावा बदलून दोन्ही भागांतील बहुमताच्या संमतीची अट लिहून घेतली. उत्तर कोरियाच्या नेतृत्वाने मात्र २०२४ च्या जानेवारीत पुनरेकीकरणाचे ध्येयच रद्द करून दक्षिणेला शत्रुराज्य ठरवले, आणि सत्तर वर्षे ज्याला पवित्र मानले ते एका भाषणात पुसता येते हे दाखवून दिले.

संमतीवर भर देणाऱ्या या मताला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. संमती कोणाची आणि कोणत्या पिढीची? १९४६ च्या ज्या निवडणुकांच्या आधारे पाकिस्तान ठरले, त्यांत मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींमुळे प्रौढ लोकसंख्येचा मोठा भाग मतदार नव्हता. तेव्हा फाळणीला लोकांची संमती होती असे म्हणणेही सैल आहे. अरविंदांचे उत्तर असे असते की म्हणूनच एका क्षणाच्या मताहून खोल अशा राष्ट्राच्या आत्म्याकडे पाहिले पाहिजे. परंतु त्या आत्म्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला मिळतो तो बहुधा बलवानच असतो, आणि त्याच्या बोलण्यात धर्मशाळेबाहेर काढलेल्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. सदोष संमती अधिक चांगल्या संमतीने सुधारता येते. आत्म्याच्या नावाने घेतलेला चुकीचा निर्णय सुधारण्याची कोणतीच रीत उपलब्ध नाही. या एका कारणासाठी आंबेडकरांची बाजू अधिक भक्कम मानावी लागते, आणि अरविंदांचे म्हणणे त्या बाजूला पूरक म्हणून घ्यावे लागते. लोकांनी एकत्र येण्याची इच्छा का धरावी, याचे उत्तर कौल घेणाऱ्या यंत्रणेजवळ नसते. ते अरविंदांच्या दृष्टीत आहे.

फाळणीच्या इतिहासात सरकारने सीमेवरच्या माणसाला खरोखर विचारल्याची उदाहरणे विरळ आहेत. त्यांपैकी एक ३१ जुलै २०१५ रोजी घडले. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्ये केलेला सीमाकरार एक्केचाळीस वर्षांनी अमलात आला आणि कूचबिहार परिसरातील छिटमहाल, म्हणजे एका देशाची दुसऱ्या देशाने चारी बाजूंनी वेढलेली गावे, यांची अदलाबदल झाली. बांगलादेशात अडकलेली भारताची १११ आणि भारतात अडकलेली बांगलादेशाची ५१ अशी ती वेढलेली ठिकाणे होती. भारताला नकाशावर काही हजार एकर जमीन सोडावी लागली आणि त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली, तरी संसदेत ती एकमताने मंजूर झाली. तेथील प्रत्येक रहिवाशाला कोणत्या देशाचे नागरिकत्व हवे हे विचारण्यात आले. बहुतेकांनी आपले घर आणि शेत जेथे होते तेथेच राहणे पसंत केले. बांगलादेशाच्या बाजूकडून भारत निवडून आलेल्या सुमारे हजारभर लोकांना दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी येथील पत्र्याच्या तात्पुरत्या छावण्यांत ठेवण्यात आले, आणि पक्की घरे मिळण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.